‘तकलादू’ : शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ति व उल्हासनगरचा माल

(१)

दिसण्यांत धड पण वापरण्यांत दगा देणारी जी वस्तु, तिला मराठींत ‘तकलादू’ म्हणतात. शब्द घरोघरचा आहे. परंतु त्याच्या पोटांत दोन निरनिराळे दोष एकवटलेले आहेत; एक अनुकरणाचा व दुसरा कमकुवतपणाचा. हे दोन दोष वेगळे न केल्यामुळें एका गांवावर व तेथील कारागिरांवर आजवर अन्याय होत आला आहे, आणि जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आम्हां लोकांच्या विचारांतहि त्यामुळें घोटाळा होतो, असें आमचें मत आहे. तें गांव म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील उल्हासनगर. कल्याणाहून कर्जतकडे जातांना उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें एकामागून एक लागतात. ह्या थोडक्या टापूंत ह्या शब्दाच्या अर्थाचीं सर्व अंगें पाहावयास सांपडतात. म्हणून उदाहरणें शक्य तों तेथूनच घेतों.

(२)

प्रथम शब्दाचें क्षेत्र ठरविलें पाहिजे. ‘तकलादू’ हें विशेषण मनुष्यानें घडविलेल्या वस्तूसच लागतें. कुलूप तकलादू असतें, छत्रीची काडी तकलादू असते, ओढ्यावरचा साकव तकलादू असतो. लक्षणेनें युक्तिवाद, पुरावा, सबब, राजकीय पक्षांची युति हींहि तकलादू ठरतात. कारण तींहि कोणीं तरी रचिलेलीं असतात. नदी मात्र तकलादू नसते. ती बेभरवशाची असते. ता. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारें हजार उतारूंसह अडकून पडली होती. त्या दिवशीं नदीस कोणी बेभरवशाची म्हटलें असेल, तकलादू कोणीं म्हटलें नाहीं. भरवसा हा आपण दुसऱ्यावर ठेवावयाचा असतो. तो मोडला म्हणजे वस्तु, मनुष्य, पाऊस, नदी ह्यांपैकीं कोणीहि बेभरवशाचें ठरतें. तकलादूपणा हा वस्तूच्या घडणींतला दोष आहे.

पण घडणींतला प्रत्येक कमकुवतपणा तकलादू ह्या सदरांत पडत नाहीं. मडकें ठिसूळ आहे, पण कुंभारानें नीट भाजलेलें मडकें कोणी तकलादू म्हणत नाहीं. पत्रावळ एका जेवणानंतर उकिरड्यावर जाते. तिलाहि तें विशेषण लागत नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. पत्रावळ ताटाचें सोंग घेत नाहीं. जी वस्तु आपल्या रूपानें जेवढ्या बळाची हमी देते तेवढें बळ तिच्या अंगीं नसतें, तीच तकलादू. लोखंडी दिसणारी कडी पत्र्याची निघाली, सागवानी दिसणारा पलंग भुशाच्या फळीचा निघाला, म्हणजे हा शब्द तोंडीं येतो. ‘बेगडी’ हा शब्द ह्याच्या जवळचा आहे. परंतु बेगड शोभेपुरती चिकटविलेली असते, तिच्यावर भार कोणी टाकीत नाहीं. ‘खोटा’ हा शब्द नाण्यास व साक्षीस लागतो. त्यांत टिकण्या-न टिकण्याचा प्रश्न नसतो. सोंग आणि दौर्बल्य हीं दोन्ही ज्या एकाच शब्दांत आहेत असा शब्द ‘तकलादू’ हाच होय.

(३)

आतां व्युत्पत्तीकडे वळूं. ध्वनींच्या नुसत्या सारखेपणावर उभारलेली व्युत्पत्ति ही स्वतःच तकलादू असते, हें येथें आरंभींच सांगून ठेवितों. बदलापूर हें नांव, येथें घोडे बदलीत म्हणून पडलें, असें सांगतात. गोष्ट ऐकावयास गोड आहे; परंतु ‘बदल’ हा अरबी व ‘पूर’ हा संस्कृत शब्द जुळला म्हणजे इतिहास सिद्ध होत नाहीं. त्यास लेखी आधार लागतो, किंवा निदान अर्थाची अखंड परंपरा दाखवावी लागते. म्हणून ‘तकलादू’विषयीं आमचें जें मत आहे तें अर्थाच्या पुराव्यावर उभें करितों.

अरबींत ‘तक़्लीद’ असा एक शब्द आहे. ‘क़िलादा’ म्हणजे गळ्यांतील हार किंवा पट्टा. ‘तक़्लीद’ म्हणजे तो गळ्यांत घालणें. त्यावरून दुसऱ्याचें प्रामाण्य आपल्या गळ्यांत बांधून घेणें, स्वतः प्रमाण न शोधतां दुसऱ्यामागें जाणें, असा अर्थ मुसलमानी धर्मशास्त्रांत रूढ झाला. तेथें तो दूषणार्थक नाहीं. सामान्य माणसानें विद्वानाच्या मागें जावें हें तें शास्त्र योग्यच मानतें. फारशींत त्यापासून ‘तक़्लीदी’ म्हणजे अनुकरणाचें, अस्सलाबरहुकूम केलेलें, असें विशेषण झालें. आमच्या मतें मराठी ‘तकलादी’ तें हेंच, आणि ‘तकलादू’ हें त्याचें मराठी वळणाचें दुसरें रूप. ‘बाजारी’ व ‘बाजारू’ हीं दोन रूपें ज्याप्रमाणें शेजारीं शेजारीं नांदतात व त्यांतील ‘बाजारू’स हिणकसपणाची छटा आली आहे, त्याप्रमाणेंच हें झालें असावें. ‘टिकाऊ’ व ‘दिखाऊ’ ह्या दोन शब्दांच्या सहवासानेंहि शेवटचा ऊकार दृढ झाला असावा. कारण अर्थानें तकलादू हा पहिल्याचा शत्रु व दुसऱ्याचा सोबती आहे.

ह्यावर आक्षेप असा येईल कीं, मूळ शब्दांत ‘ली’ आहे, तेथें ‘ला’ कसा आला? ‘तकरार’, ‘फिर्याद’ ह्यांसारख्या आकारयुक्त शब्दांची मराठी कानास दाट सवय असल्यामुळें तो त्यांच्या वळणावर गेला असावा, असें आम्हांस वाटतें. शिवाय ‘तकलुपी’ हा जो ह्याचा समानार्थक शब्द, त्याची साक्ष येथें उपयोगी पडते. फारशींत ‘तक़ल्लुब’ म्हणजे लबाडी, फसवणूक. ‘तक़ल्लुबी’ म्हणजे नकली. ‘क़ल्ब’ म्हणजे उलटणें, आणि फारशींत खोट्या नाण्यासहि ‘क़ल्ब’ म्हणत. तें पाडणारा तो ‘क़ल्लाब’. अंत्य ‘ब’चा मराठींत ‘प’ होतो हें ‘तलब’पासून झालेल्या ‘तलप’ ह्या शब्दावरून दिसतें. तेव्हां ‘तकलुपी’ हा नाणेबाजारांतून व ‘तकलादी’ हा कारागिरीच्या बाजारांतून आला, आणि दोघे एकाच अर्थावर येऊन थांबले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. व्यापारांतील फारशी शब्दांचा मराठींतील भरणा केवढा होता हें शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशांत ‘पण्यवर्ग’ असा एक स्वतंत्र वर्ग घालावा लागला ह्यावरूनच कळून येईल.

ही व्युत्पत्ति मान्य केली म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. शब्दाचा मूळ अर्थ ‘अनुकरणाचा’ एवढाच होता; ‘न टिकणारा’ हा अर्थ मागाहून आला. अनुकरण म्हटलें कीं तें दुर्बळ असणारच, असा जो बाजाराचा ग्रह झाला, तो शब्दांत मुरला.

(४)

असाच प्रकार संस्कृतांतील ‘कृत्रिम’ शब्दाचा झाला आहे. पाणिनीच्या व्यवस्थेप्रमाणें ह्या शब्दाचा अर्थ ‘करण्यानें निष्पन्न झालेला’ एवढाच. त्यांत निंदा नाहीं. धर्मशास्त्रांत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत त्यांत ‘कृत्रिम’ हा एक आहे. गुणदोष जाणणारा असा मुलगा पाहून जो पुत्र म्हणून स्वीकारिला जातो, तो कृत्रिम पुत्र. त्यास कोणी लटका पुत्र म्हटलेलें नाहीं. पुढें मात्र कृत्रिम म्हणजे खोटें, असा अर्थ प्रबळ झाला. मराठी ‘बनावट’ची कथाहि तीच. ‘कापडाची बनावट चांगली आहे’ ह्या वाक्यांत तो स्तुतीचा आहे. ‘दस्तऐवज बनावट आहे’ ह्या वाक्यांत तोच शब्द फौजदारीचा होतो.

कौटिल्यानें मात्र ह्या बाबतींत घोटाळा केलेला नाहीं. १९०५ सालीं अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री ह्यांच्या हातीं आली व १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला, तेव्हांपासून तो सर्वांस उपलब्ध आहे. त्याच्या चौथ्या अधिकरणांत व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें हें सांगतांना त्यानें दोष वेगवेगळे मोजिले आहेत. हलक्या जातीचा माल उत्तम जातीचा म्हणून विकणें, हा एक दोष. त्यास किंमतीच्या आठपट दंड. पुढें निःसत्त्व माल सत्त्वाचा म्हणून देणें हा एक, एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून देणें हा दुसरा, आणि दाखविलेला माल बदलून भलताच हातीं देणें हा तिसरा. ‘असार’ व ‘अतज्जात’ हे त्यानें दोन शब्द केले आहेत. माल असार नसतांहि अतज्जात असूं शकतो, म्हणजे बळकट असूनहि त्याच्यावरील गांवाचें नांव खोटें असूं शकतें, हा भेद त्यानें स्पष्ट राखिला. ‘तकलादू’ म्हणणारे आपण तो भेद विसरलों.

(५)

हा भेद आमच्या वाचकांस तरी नवा वाटूं नये. दप्तरांत आपण ‘अस्सल’ व ‘नक्कल’ असे दोन वर्ग करितों. नक्कल म्हणजे बनावट नव्हे, आणि नक्कल म्हणजे तकलादूहि नव्हे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावर काळजीपूर्वक उतरून घेतलेली प्रत चांगल्या स्थितींत हातीं येते, आणि अस्सलाचा कागद कसरीनें खाल्लेला व घडीवर तुटलेला असतो, हा अनुभव संग्राहकांस अनेकदां येतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिचा पाठ शुद्ध केला. मूळच्या हस्तलिखिताचा आज ठावठिकाणा नाहीं. ग्रंथ आपल्या हातीं आला तो प्रतींवरून केलेल्या प्रतींच्या योगानें. त्या सर्व प्रती एका अर्थीं ‘तक़्लीद’ आहेत. त्यांस तकलादू म्हणण्यास कोणाची जीभ रेटेल?

(६)

आतां उल्हासनगराकडे येऊं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणाजवळ लष्करी छावणी उभारण्यांत आली. १९४७ सालीं फाळणी झाली व सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस ह्या छावणीच्या बराकींत ठेवण्यांत आलें. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी ह्यांनीं वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. नांव नदीवरून आलें. पांच छावण्या होत्या, त्या आजहि कॅम्प नंबर एक ते पांच म्हणूनच ओळखल्या जातात. येथें आलेल्या लोकांपाशीं जमीन नव्हती, वतन नव्हतें, कोकणांतील बाजारपेठांशीं जुना घरोबा नव्हता. होती ती व्यापाराची सवय व हाताची चलाखी. पापड, लोणचीं, मिठाई ह्यांपासून आरंभ होऊन तयार कपडे, लांकडी सामान आणि पुढें जीनचे कपडे येथपर्यंत हा उद्योग वाढला.

ह्याच काळांत देशाचें आयातधोरण अतिशय कडक होतें. आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा १९४७ सालचा आहे. आणि नित्याच्या वापरांतील परदेशी वस्तूंवरील संख्येचीं बंधनें शेवटीं ता. १ एप्रिल २००१ रोजीं उठलीं. मधल्या अर्धशतकांत ‘फॉरेन’ हा शब्द मराठींत स्तुतिवाचक विशेषण होऊन बसला. जें मिळत नाहीं त्याचें अनुकरण होतें, हा बाजाराचा नियमच आहे. त्या दिवसांत उल्हासनगरांत झालेल्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असें छापीत, आणि कोणीं हटकल्यास ‘यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असें उत्तर देत, ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. तिच्यांतील चातुर्याचा भाग कांहींहि असो. लोकव्यवहारावर तिचा परिणाम असा झाला कीं, ‘उल्हासनगरचा माल’ हा शब्दप्रयोगच ‘तकलादू’चा पर्याय होऊन बसला. गांवाचें विशेषनाम हिणकस मालाचें सामान्यनाम झालें.

येथें कौटिल्याची कसोटी लावून पाहावी. अमेरिकेचें नांव घातलेली वस्तु ‘अतज्जात’ होती, ह्यांत संशय नाहीं, आणि तेवढ्यापुरता तो अपराधच. तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ती ‘असार’ होती कीं नव्हती हा प्रश्न प्रत्येक वस्तूपुरता वेगळा आहे, आणि तो वापरल्यावांचून सुटत नाहीं. शिक्का खोटा म्हणून शिवण उसवते असें नाहीं. मुंबईतल्या दुकानांतून दुसऱ्याच नांवाखालीं विकलेला उल्हासनगरी कपडा वर्षानुवर्षें वापरणारे लोक ‘उल्हासनगर’ ह्या नांवास हंसतात, तेव्हां ते अनुकरणाचा दोष दौर्बल्याच्या खात्यांत मांडितात.

(७)

गांवाचें किंवा देशाचें नांव असें बाटण्याचा प्रकार आमच्याच देशांत झाला असें नाहीं. इंग्लंडांत सतराव्या शतकांत बर्मिंगहॅम येथें पाडलेल्या खोट्या नाण्यांवरून त्या शहराच्या नांवाचा अपभ्रंश ‘ब्रमाजेम’ हा झगझगीत पण हिणकस मालाचा वाचक झाला. १८७६ सालीं फिलाडेल्फिया येथील प्रदर्शन पाहून रूलो ह्या जर्मन पंडितानेंच आपल्या देशाचा माल स्वस्त व वाईट असल्याचें लिहिलें. १८८७ सालीं इंग्रजांनीं मालावरील चिन्हांचा कायदा केला, तो मुख्यतः जर्मन माल ओळखून टाळतां यावा म्हणून. हिंदुस्थानांत तशा स्वरूपाचा कायदा १८८९ सालीं झाला. पण थोड्याच वर्षांत ‘जर्मनींत केलेला’ ही अक्षरें उलट खात्रीचीं ठरलीं. १९३२ व १९३३ सालीं जपानी कापडाची लाट थोपविण्यासाठीं येथें बिनब्रिटिश सुती कापडावरील जकात अनुक्रमें शेंकडा ५० व ७५ केली होती. तेव्हां ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त व तकलादू असेंच समीकरण होतें. पुढें जपानी घड्याळ व जपानी यंत्र म्हणजे उत्तम, असें झालें, आणि ती जागा ‘चिनी माल’ ह्या शब्दाकडे गेली. उल्हासनगरांतील एका कापडबाजारास जपानी बाजार असेंच नांव आहे.

उल्हासनगरास लागूनच असलेल्या अंबरनाथांतील एक उदाहरण याच्या उलट बाजूचें आहे. १९२२ सालीं आगपेट्यांवरील आयात जकात ग्रोसास दीड रुपया झाली. तिच्यांतून वाट काढण्यासाठीं स्वीडिश भांडवलाची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी १९२३ सालीं स्थापन झाली आणि अंबरनाथ येथें तिचा कारखाना निघाला. कंपनी परदेशची, काडी येथली. उल्हासनगरांत माल येथला, नांव परदेशचें. दोन्हींकडे नांव व गांव ह्यांची फारकतच होती. पण आगपेटीस कोणी तकलादू म्हणाले नाहींत, कारण काडी पेटत असे. कसोटी पेटण्याची होती, जन्मस्थानाची नव्हती. हीच कसोटी शेजारच्या गांवास लावावयाची राहिली.

(८)

अनुकरण असून तकलादू नव्हे, ह्याचा ठळक दाखला अंबरनाथचें शिवालय हा होय. त्यांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणि ह्याच्या कारकीर्दींतील आहे. देवालय भूमिज पद्धतीचें. ही पद्धति माळव्यांत परमारांच्या राज्यांत विशेष वाढली. रीत दुसरीकडे नांवारूपास आलेली, दगड व हात येथले. शिखराचा वरचा भाग आज ढासळलेला आहे. परंतु भिंती व त्यांवरील शिल्पें साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ उभीं आहेत.

ह्याच्या उलट, अनुकरण नसून तकलादू असल्याचें उदाहरण दुर्दैवानें उल्हासनगरांतच आहे, आणि तेथें ह्या शब्दाची खरी जागा आहे. बराकींच्या भोंवतीं व त्यांच्या जागीं मजल्यावर मजले चढले. त्यांतील पुष्कळ बांधकामें परवानगीवांचून झालीं. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, पाडकामाचे हुकूम झाले, आणि २००६ सालीं राज्याच्या विधिमंडळानें उल्हासनगर शहरांतील अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं स्वतंत्र कायदाच केला. कायद्यानें कागद नियमित होतो. स्लॅब नियमित होत नाहीं. ता. २८ मे २०२१ रोजीं रात्रीं तेथील एका पांच मजली इमारतीचा वरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळून सात माणसें मेलीं. ती इमारत कोणाची नक्कल नव्हती. तिच्यावर कोणत्याहि परक्या देशाचें नांव नव्हतें. परंतु घराच्या रूपानें जी हमी तिनें राहणारांस दिली होती ती खोटी निघाली. हाच शब्दाच्या मूळ अर्थाचा गाभा. पिशवी व पाटलोण ह्यांस हंसून हंसून तकलादू म्हणणाऱ्या लोकांनीं डोक्यावरील छतास तें वेळीं म्हटलें असतें, तर शब्दाचा उपयोग झाला असता.

(९)

सारांश, ‘तकलादू’ हा शब्द मूळचा अनुकरणवाचक असून पुढें दौर्बल्यवाचक झाला, हें आमचें पहिलें म्हणणें. ह्या दोन अर्थांची गल्लत केल्यामुळें निर्वासितांनीं शून्यांतून उभारलेल्या एका बाजारपेठेचें नांव हिणकसपणाशीं जोडलें गेलें, आणि खरोखर दुर्बळ अशा वस्तूंकडे मात्र दुर्लक्ष झालें, हें दुसरें. संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. यादी करितांना ‘अस्सल कीं नक्कल’ हें एका रकान्यांत व ‘बळकट कीं जीर्ण’ हें दुसऱ्या रकान्यांत लिहावें. एकावरून दुसऱ्याचें अनुमान करूं नये. तसेंच जुन्या पत्रांत, जमाखर्चांत किंवा कारखान्यांच्या झडत्यांत ‘तकलादी’, ‘तकलुपी’ अथवा ह्यांचें एखादें जुनें रूप ज्यांस आढळेल त्यांनीं तें वाक्य संदर्भासह प्रसिद्ध करावें. तेथें तो शब्द मोडक्या वस्तूस लाविला आहे कीं केवळ नकलेस, एवढें पाहिलें म्हणजे आमच्या व्युत्पत्तीचा निकाल लागेल. आणि ती तकलादू ठरल्यास तिच्या जागीं टिकाऊ व्युत्पत्ति येईल, ह्यांत शास्त्राचा लाभच आहे.